कुलूप तेच, किल्ली नवी

आपल्या पेढीवर दिवसाची पहिली देवघेव किल्ल्यांची होते. घरातील वडीलधारे दुकानाचा जुडगा काढून देतात, मुनीमजी गोदाम उघडतात आणि माल पोहोचविणाऱ्या गाडीची किल्ली चालकाच्या हाती जाते. संध्याकाळी त्याच क्रमाने किल्ल्या परत येतात. तिजोरीची किल्ली सहसा घराचा उंबरठा ओलांडत नाही. दुकानाची किल्ली दोघा-तिघांच्या हातांत असते. गाडीची किल्ली मात्र दिवसभर हिंडत असते. चालक, हमाल, गॅरेजमधील कारागीर, गाडी धुणारा मुलगा, वाहनतळावरील रखवालदार अशा अनेक हातांतून ती जाते. म्हणून हरवण्याचा संभवही तिचाच सर्वांत अधिक.

ती हरवली की आधी शोधाशोध होते आणि तिच्या पाठोपाठ संशय येतो. गेल्या महिन्यात काम सोडून गेलेल्या चालकाचे नाव कोणी मोठ्याने घेत नाही. पण ते प्रत्येकाच्या मनात आलेले असते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानदाराशी बोलताना ते ओठांवरही येते. आठवड्याने किल्ली आसनाच्या फटीत सापडते. तोपर्यंत बाजारपेठेत त्या माणसाविषयी एक शब्द पसरलेला असतो, आणि नव्या ठिकाणी नोकरी मागायला गेलेल्या त्या गरिबाला तो शब्द आपल्या आधी तेथे पोहोचलेला दिसतो.

या प्रसंगातून सुटण्याची एक वाट कुलपाच्या आतच आहे. मोटारीच्या दाराचे कुलूप फेकून न देता त्याच्या पोटातील पट्ट्यांचा क्रम बदलता येतो. क्रम बदलला की जुनी किल्ली त्या कुलपापुरती निरुपयोगी होते, मग ती कोणाच्याही खिशात असो. साध्या किल्लीच्या जुन्या गाडीच्या बाबतीत हे काम घरच्या घरी, सुटीच्या एका दुपारी होऊ शकते. ते कसे करावे, कोठवर करावे आणि कोठे थांबावे, हे प्रत्येक व्यापारी कुटुंबाने जाणून घेण्यासारखे आहे.

कुलपाच्या पोटात

मोटारीच्या दाराच्या कुलपाचे दोन मुख्य भाग असतात. बाहेरचे स्थिर कवच आणि त्याच्या आत फिरणारा गोल गाभा. किल्ली या गाभ्यात शिरते. गाभ्याला आडव्या चिरा पाडलेल्या असतात आणि प्रत्येक चिरेत पितळेची एक पातळ पट्टी बसविलेली असते. पट्टीच्या मध्यभागी चौकोनी खिडकी असते. किल्ली त्या खिडकीतून आरपार जाते. प्रत्येक पट्टीला एक बारीक स्प्रिंग एका बाजूला ढकलत असते.

किल्ली नसताना सर्व पट्ट्या स्प्रिंगच्या जोराने गाभ्याबाहेर डोकावतात आणि कवचातील खोबणीत अडकतात. त्यामुळे गाभा फिरत नाही. योग्य किल्ली आत गेली की तिच्या खाचांप्रमाणे प्रत्येक पट्टी वर-खाली सरकते आणि नेमकी गाभ्याच्या पृष्ठभागाशी समतल होते. आठही पट्ट्या समतल झाल्या की गाभा मोकळा होतो. एकही पट्टी केसभर बाहेर राहिली तरी तो हलत नाही. किल्लीची खाच हवी त्याहून खोल असेल तर पट्टी एका बाजूने बाहेर राहते, उथळ असेल तर दुसऱ्या बाजूने.

सर्व पट्ट्यांचा बाहेरचा आकार सारखा असतो. फरक असतो तो खिडकीच्या जागेत. कोणाची खिडकी किंचित वर, कोणाची किंचित खाली. अशा चार-पाच प्रकारच्या पट्ट्या असतात आणि अनेक कंपन्यांच्या पट्ट्यांवर १, २, ३, ४ असे अंकही उमटविलेले असतात. हे अंक ज्या क्रमाने बसतात, तोच त्या कुलपाचा क्रम. किल्ली म्हणजे तोच क्रम धातूवर खाचांच्या रूपाने लिहिलेला असतो.

मालकाच्या हाती असलेला अधिकार

मालकाने स्वतः कुलपाचा क्रम बदलावा, ही कल्पना आजची नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात डॉ. सॉलोमन अँड्र्यूज यांनी १८३६ मध्ये असे कुलूप तयार केले की, ज्याच्या आतील भागांची आणि किल्लीची मांडणी मालकाला हवी तेव्हा बदलता येत असे. पुढे लायनस येल धाकटे यांनी १८६० च्या दशकात खुंट्यांच्या कुलपाला आजचे आटोपशीर रूप दिले. घरादारांच्या बहुतेक आधुनिक कुलपांचे मूळ तेथे सापडते.

याच काळात, १८५१ मध्ये, लंडनच्या महाप्रदर्शनासाठी आलेले अमेरिकन कारागीर आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज यांनी ब्रामा यांचे अजिंक्य समजले जाणारे कुलूप किल्लीवाचून उघडून दाखविले. त्या दिवसापासून कुलूपकारांनी एक गोष्ट मान्य केली. कोणतेही कुलूप कायमचे सुरक्षित नसते. त्याची सुरक्षितता वेळोवेळी नवी करावी लागते. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून भारतीय व्यापाऱ्याच्या दारावर भारतीय बनावटीचे खात्रीचे कुलूप दिसू लागले. कुलूप चांगले असावे, हे आपण तेव्हापासून शिकलो. चांगल्या कुलपाचा क्रम गरजेप्रमाणे बदलावा, हे शिकणे मात्र बाकी राहिले.

आधी कागद, मग पेचकस

किल्ली हरवल्याचे लक्षात येताच काही नोंदी कराव्यात. पोलिसांकडे वस्तू हरवल्याची नोंद करून तिची प्रत ठेवावी. विमा कंपनीला लेखी कळवावे. गाडी चोरीस गेल्यास दावा करताना विमा कंपन्या सामान्यतः सर्व मूळ किल्ल्या मागतात; त्या वेळी एक किल्ली कोठे गेली याचा कागद हाती असला पाहिजे. काही विमापत्रांत किल्ली बदलण्याच्या खर्चाचे जोडसंरक्षणही असते. ते घेतलेले असल्यास काम सुरू करण्यापूर्वी त्याच्या अटी वाचाव्यात.

नवी गाडी घेताना किल्ल्यांबरोबर अनेकदा धातूची वा प्लास्टिकची एक छोटी पट्टिका मिळते. तिच्यावर किल्लीचा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावरून किल्ली पुन्हा घडविता येते. पुष्कळ घरांत ही पट्टिका जुडग्यालाच लटकत राहते किंवा गाडीच्या कप्प्यात पडलेली असते. तिची जागा घरच्या कपाटात आहे. क्रमांक ज्याच्या हाती, त्याच्या हाती किल्ली आलीच.

घरचे काम आणि कारागिराचे काम

हातातील कामाची सीमा आधी आखून घ्यावी. हात घालावा तो साध्या किल्लीच्या जुन्या गाडीच्या दारांच्या आणि मागील झाकणाच्या कुलपांना. इंजिन सुरू करण्याच्या कुलपाला घरी हात लावू नये. ते सुकाणूच्या दांड्याशी जोडलेले असते आणि त्यातच सुकाणू अडकविण्याची कळ असते. ती चुकीची बसली तर धावत्या गाडीत सुकाणू अडकू शकते. जेथे सुकाणूत हवेची सुरक्षा-पिशवी आहे, तेथे धोका आणखी वाढतो. ते काम अनुभवी कारागिराकडे सोपवावे.

नव्या गाड्यांत किल्लीच्या मुठीत एक चिप असते. गाडीतील यंत्रणा ती चिप ओळखते तेव्हाच इंजिन सुरू होते. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली आणि पुढे ती जगभर पसरली. अशा गाडीला दोन कुलपे असतात असे समजावे. एक पितळेचे आणि एक विजेचे. पट्ट्यांचा क्रम बदलून पितळेचे कुलूप बदलते, विजेचे तसेच राहते. हरवलेली किल्ली गाडीच्या स्मृतीतून पुसून टाकण्याचे काम अधिकृत कार्यशाळेतच करून घ्यावे.

आणखी एक हिशेब स्पष्ट असावा. फक्त दारांचा क्रम बदलला आणि इंजिनाचे कुलूप तसेच ठेवले, तर काच फोडून आत शिरलेल्याला हरवलेली किल्ली अजूनही उपयोगी पडेल. आतील माल बराच सुरक्षित झाला, गाडी पूर्ण सुरक्षित झाली नाही. म्हणून दारांचे काम घरी केले तरी इंजिनाच्या कुलपाचे काम कारागिराकडून लवकरच पुरे करून घ्यावे. तोवर एका गाडीला दोन किल्ल्या वागवाव्या लागतील.

दाराचे काम

साहित्य थोडे लागते: पेचकस, लांब नाकाची पक्कड, चिमटा, हातमोजे, पांढरे स्वच्छ कापड, काठ असलेले ताट आणि ग्रॅफाइटची भुकटी. हातात चालू असलेली एक जुनी किल्ली हवीच. एकही किल्ली शिल्लक नसेल तर गाभा सहज निघत नाही. मग कारागीरच बोलवावा.

दारात विजेच्या तारा असल्यास प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. मग काच पूर्ण वर करून घ्यावी. जुन्या गाड्यांत काच खाली-वर करण्याची मूठ एका लहान क्लिपने धरलेली असते. मूठ आणि तिच्यामागील चकती यांच्यामध्ये कापडाची चिंधी घालून ती मागे-पुढे ओढली की क्लिप सुटते. ती उडून जाऊ नये म्हणून दुसरा हात जवळ ठेवावा. मग हातटेकणीचे स्क्रू काढावेत आणि दाराचे आतले आवरण कडेकडेने, हलक्या हाताने सोडवावे. त्यामागे प्लास्टिकचा कागद चिकटविलेला असतो. तो फाडू नये. पावसाचे पाणी आतल्या आवरणापर्यंत येऊ न देण्याचे काम तोच करतो.

दाराच्या पत्र्याच्या आतल्या कडा धारदार असतात. म्हणून हातमोजे घालूनच आत हात घालावा. कुलूप बहुधा पोलादी पट्टीच्या एका सपाट क्लिपने पत्र्याशी धरलेले असते आणि त्याच्या मागच्या टोकापासून एक सळई दाराच्या खटक्यापर्यंत गेलेली असते. काहीही सोडण्यापूर्वी भ्रमणध्वनीवर दोन-तीन छायाचित्रे घ्यावीत. कोणती सळई कोणत्या भोकात होती, हे संध्याकाळी आठवेलच असे नाही. सळई सोडवून क्लिप ओढली की कुलूप हातात येते.

गाभा आणि त्याच्या पट्ट्या

येथून पुढचे काम टेबलावर, पांढऱ्या कापडावर करावे. साधूंसाठी सांगितलेल्या पाच समितींमध्ये आदान-निक्षेपण ही एक समिती आहे. कोणतीही वस्तू उचलताना व ठेवताना नीट पाहून, जपून, सावधपणे ती हाताळावी, असा तिचा आशय. गृहस्थाला हा नियम किती व्यवहारी आहे, हे गव्हाच्या दाण्याहून लहान स्प्रिंगा हाताळताना कळते.

कुलपाच्या मागच्या टोकाला एक लहान पातळ क्लिप आणि तिच्याखाली तरफ असते. क्लिप काढून तरफ व तिची स्प्रिंग ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने कापडावर ओळीत ठेवावीत. मग जुनी किल्ली गाभ्यात घालावी. किल्ली आत असताना पट्ट्या समतल असतात, म्हणून गाभा किल्लीसकट कवचातून सरळ बाहेर येतो. किल्लीशिवाय ओढू नये. बाहेर आलेला गाभा ताटात, काठाच्या आत धरावा आणि पट्ट्यांवर अंगठा ठेवून किल्ली हळूहळू काढावी. काही गाड्यांत पट्ट्या आपापल्या चिरेत दाबून धरलेल्या असतात, तर काहींत किल्ली निघताच त्या उसळतात. ताटाच्या काठाचा उपयोग तेव्हा होतो.

आता पट्ट्या एकेक करून चिमट्याने काढाव्यात आणि डावीकडून उजवीकडे ओळीने मांडाव्यात. त्यांचे अंक कागदावर लिहावेत. समजा ते असे आले: २, ३, १, ३, ४, २, १, ३. हाच जुन्या किल्लीचा क्रम.

नवा क्रम

पुढे दोन वाटा आहेत. पहिली वाट नव्या किल्लीपासून सुरू होते. नवी किल्ली आधी तयार करून घ्यायची आणि तिच्या खाचांना जुळतील अशा पट्ट्या त्याच कंपनीच्या संचातून निवडून गाभ्यात बसवायच्या. किल्ली आत घालून पाहायचे. जी पट्टी बाहेर डोकावते ती बदलायची. सर्व समतल होईपर्यंत हेच करायचे.

दुसरी वाट अधिक काटकसरीची आहे. त्याच आठ पट्ट्यांची जागा बदलायची आणि नव्या क्रमाप्रमाणे किल्ली घडवून घ्यायची. नवी पट्टी विकत घ्यावी लागत नाही, जुनी टाकून द्यावी लागत नाही. वरील उदाहरणात एक अंकाच्या दोन, दोनच्या दोन, तीनच्या तीन आणि चारची एक अशा आठ पट्ट्या आहेत. गणिताने पाहिले तर याच आठ पट्ट्यांच्या १,६८० वेगवेगळ्या मांडण्या होतात. त्यांतील एक आपण निवडायची. उदाहरणार्थ ३, १, २, ३, १, ३, ४, २. यात आठांपैकी सात जागा बदलल्या आहेत. केवळ दोन शेजारच्या पट्ट्यांची अदलाबदल करून समाधान मानू नये. झिजलेल्या कुलपात जुनी किल्ली हलवून पाहिली तर ती लागण्याचा संभव राहतो.

निवड करताना एक पथ्य पाळावे. शेजारच्या दोन खाचांच्या खोलीत फार मोठा फरक असू नये. सर्वांत उथळ खाचेला लागून सर्वांत खोल खाच आली, तर चढ इतका उभा होतो की किल्ली आत जाताना वा बाहेर येताना अडकते. वरच्या दोन्ही मांडण्यांत शेजारचा फरक दोनपेक्षा जास्त नाही, हे वाचकांनी ताडून पाहावे.

नव्या क्रमाने पट्ट्या व स्प्रिंगा बसविल्यावर तो गाभाच किल्ली करणाऱ्या कारागिराकडे न्यावा. कोऱ्या किल्लीवर अंकांच्या क्रमाने खाचा पाडून तो उघड्या गाभ्यात ती तपासून देईल. जुन्या, झिजलेल्या किल्लीवरून नक्कल करून घेण्यापेक्षा क्रमावरून केलेली किल्ली नेहमीच अधिक नेमकी असते, कारण नक्कल करताना मूळची झीजही नकलेत उतरते. चांगला कारागीर गाडीचे नोंदणीपत्र पाहिल्याशिवाय किल्ली करीत नाही. त्याने ते मागितले तर राग मानू नये. तो आपल्याच गाडीची राखण करीत असतो.

कानसीचा मोह

काम लवकर उरकण्याची एक चुकीची रीत बाजारात आढळते. नव्या किल्लीने जी पट्टी समतल होत नाही, तिचे बाहेर आलेले टोक कानसीने घासून टाकतात किंवा ती पट्टी काढूनच टाकतात. कुलूप लगेच फिरू लागते आणि गिऱ्हाईक खूश होते. पण आत काय झाले, ते हिशेबाने पाहू.

चार प्रकारच्या पट्ट्या आणि आठ जागा असतील, तर कागदावर ६५,५३६ क्रम शक्य असतात. दोन पट्ट्या काढल्या की उरतात ४,०९६. म्हणजे कुलपाची ताकद सोळा पटींनी घटली. प्रत्यक्षात वापरता येणारे क्रम याहून कमी असतात, पण घटीचे स्वरूप हेच. घासलेल्या पट्टीचेही तसेच होते. ती एकाऐवजी दोन-तीन प्रकारच्या खाचांना मान देऊ लागते. अशा कुलपाला दुसऱ्याच गाडीची किल्ली लागली तर नवल वाटू नये. वजनात घट करून विकलेल्या मालासारखे हे काम आहे. वरून पाहणाऱ्याला ते कळत नाही, आणि म्हणूनच ते करणाऱ्याने टाळायचे असते.

जोडणी आणि परीक्षा

गाभ्याला व पट्ट्यांना ग्रॅफाइटची चिमूटभर भुकटी लावावी. तेल घालू नये. तेलावर धूळ बसते आणि काही महिन्यांत चिकट गाळ होऊन पट्ट्या अडकू लागतात. नवी किल्ली घातलेला गाभा कवचात सरकवावा, किल्ली दोन्ही बाजूंना फिरवून पाहावी, काढावी, पुन्हा घालावी. मग जुनी किल्ली घालून पाहावी. गाभा जराही फिरता कामा नये. ही दुसरी परीक्षा पुष्कळ जण विसरतात, आणि सारे काम तर तिच्यासाठीच केलेले असते.

तरफ, स्प्रिंग, क्लिप पूर्वीच्या क्रमाने बसवून कुलूप दारात लावावे आणि सळई जोडावी. यानंतरचा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. दार उघडे ठेवूनच परीक्षा घ्यावी. खटका बोटाने किंवा पेचकसाच्या दांड्याने बंद करून किल्लीने कुलूप दहा वेळा लावावे, दहा वेळा उघडावे. दारात काही चुकले असेल आणि आपण ते आधीच लावून बसलो, तर आतले आवरण काढणेही अवघड होते. सर्व ठीक असल्याची खात्री झाल्यावर प्लास्टिकचा कागद चिकटवावा, आवरण बसवावे, काच खाली-वर करून पाहावी.

मग हेच काम दुसऱ्या दाराला आणि मागील झाकणाला करावे. माल वाहणाऱ्या गाडीचे मागचे झाकण विसरू नये. चोराला हवा असतो तो माल बहुधा तेथेच असतो. काही गाड्यांत या कुलपांत पट्ट्या कमी असतात किंवा त्यांचा संच वेगळा असतो. नव्या क्रमासाठी तेथे एखाददुसरी पट्टी विकत घ्यावी लागेल. एक दार पूर्ण झाल्याशिवाय दुसरे उघडू नये, म्हणजे भाग एकमेकांत मिसळणार नाहीत.

तिसरे आणि तेरावे

प्रतिक्रमणात आपण अठरा पापस्थानकांची आलोचना करतो. त्यांत तिसरे अदत्तादान, म्हणजे न दिलेले घेणे. तेरावे अभ्याख्यान, म्हणजे दुसऱ्यावर खोटा आळ घेणे. एकाच यादीतील ही दोन नावे आहेत, आणि हरवलेली किल्ली ती दोन्ही एकाच वेळी आपल्या दारात आणून उभी करते. आपण तिसऱ्याच्या भीतीने इतके अस्वस्थ होतो की तेरावे आपल्या हातून घडते आहे, हे ध्यानातही येत नाही. चोराने घेतला तर माल जातो. तो पुन्हा भरता येतो. आळ घेतला तर एका माणसाची बाजारातील पत जाते, आणि व्यापारी माणसाला पत म्हणजे काय हे कोणी सांगायला नको.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने स्तेनप्रयोग पहिला सांगितला आहे. चोरीला प्रेरणा देणे, चोराला साहाय्य होईल असे वागणे, हे त्याचे स्वरूप. गाडी कोणासाठीही उघडेल अशा स्थितीत महिनोन्‌महिने ठेवणे आणि मग मोहात पडलेल्या माणसाला दोष देणे, यात मालकाचा काहीच वाटा नाही असे म्हणता येईल का, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

यावर शहाणपणाची रीत अशी की, किल्ली हरवली किंवा किल्ली वागविणारा माणूस काम सोडून गेला, तर प्रत्येक वेळी क्रम बदलायचा. माणूस दहा महिने राहिलेला असो की वीस वर्षे, घरच्या भाच्याकडे किल्ली असो की नव्या चालकाकडे, नियम एकच. नियम सर्वांना सारखा असला की त्यात कोणाचा अपमान राहत नाही. निरोप देताना त्या माणसालाही हे मोकळेपणाने सांगावे: "आमच्याकडे किल्ली परत आली की कुलपाचा क्रम बदलतो. उद्या काही कमी-जास्त झाले तर तुमच्याकडे कोणी बोट दाखवू नये, म्हणून." असे बोलणे ऐकणाऱ्यालाही बरे वाटते. उद्या खरोखरच काही घडले, तर हेच वाक्य त्याचे संरक्षण करील.

वहीतील एक पान

किल्ल्यांचा हिशेब डोक्यात ठेवण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. रुपयाचा हिशेब मात्र आपण कधीही डोक्यात ठेवत नाही. दिवाळीला वहीपूजन करून नवी वही उघडाल, तेव्हा तिच्यात एक पान किल्ल्यांसाठी राखावे. कोणत्या कुलपाच्या किती किल्ल्या आहेत, त्या कोणाकडे आहेत, कोणत्या तारखेला दिल्या, कोणत्या तारखेला परत आल्या, क्रम शेवटचा केव्हा बदलला, एवढे पाच रकाने पुरेत. कुलपाच्या क्रमाचे अंक मात्र त्या पानावर लिहू नयेत. त्यांचा कागद आणि किल्लीच्या क्रमांकाची पट्टिका घरच्या कपाटात ठेवावी. बाद झालेली जुनी किल्ली विमा कंपनीला दाखविण्यासाठी पाकिटात घालून, पाकिटावर तारीख लिहून तेथेच जपावी.

मुलांना सुटीत हे काम शिकवावे. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने आठ पट्ट्या कापडावर मांडल्या आणि पुन्हा बसविल्या, त्याला किल्ली नीट सांभाळण्याचा उपदेश वेगळा करावा लागत नाही. आणि पेढीवर एखादी किल्ली हरवलीच, तर कोणाचे नाव घेण्याऐवजी तो पेचकस आणि ताट शोधू लागेल.